गब्बूची वाकडी मान

सोम. १७ नोव्हेंबर २००३
गब्बूची मान वाकडी झालीय. सकाळी पिंजऱ्यावरचं फडकं काढलं तर डावा कान खाली टेकलेला, उजवा डोळा छताकडे. उठायला गेला आणि गडबडा लोळला. बुबुळं सारखी इकडून तिकडे. मी किंचाळलेच. वन्सं स्वयंपाकघरातून आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "सुनीता, मी काही केलं नाही हं."
मी कुठे विचारलं होतं?
शाळेत सातवीच्या वर्गावर आठवीचं पुस्तक घेऊन गेले. दिवसभर तेच एक वाक्य डोक्यात.

मंगळ. १८
विलासने हाफ डे टाकला. वसई गावातले डॉक्टर. गुरं, कुत्री बघतात, ससा क्वचित. पण हात हलका. म्हणाले, कानाच्या आत पू झाला असेल, नाहीतर मेंदूत जंतू गेले असतील. "पडला होता का कुठून? मार लागला?"
मी नाही म्हटलं. पण मला काय माहीत? मी साडेसहाला घर सोडते, दीडला येते. विलास साताच्या आत गेलेला असतो. मधे घरात फक्त वन्सं आणि ससा. दीड वर्ष झालं त्यांना आमच्याकडे येऊन. सासूबाई गेल्या, चिपळूणचं घर चुलतदिरांकडे गेलं, आणि या आमच्याकडे. पहिल्या दिवशीच म्हणाल्या होत्या, "घरात जनावर? मी हात लावणार नाही."
औषध सकाळ-संध्याकाळ. मान हाताने सरळ करायची नाही. महिना लागेल, कदाचित वाकडीच राहील.

गुरु. २०
खोक्यात दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या, मधे तो. म्हणजे लोळला तरी आपटत नाही. गाजर किसून, पिकलं केळं कुस्करून, सुई काढलेल्या सिरिंजने भरवते. निम्मं माझ्या साडीवर. खालचा डोळा टॉवेलला घासून लाल झालाय, तो कोमट पाण्याच्या कापसाने पुसायचा. तेवढं करताना माझ्या हाताला चिकटून बसतो. भीतीने असेल.
केतकीला कळवलेलं नाही. दहावीला असताना तिनेच आणला होता याला. आता नाशिकला होस्टेलवर, पहिलं वर्ष, सेमिस्टर तोंडावर.

शुक्र. २१
पाल्यावर संशय आला. गेटपाशी टोपली घेऊन बसणाऱ्या मारियामावशींकडूनच रोज मुळ्याचा पाला घेते. विचारलं, "मावशी, यावर फवारणी असते का?"
त्यांनी एक पान तोडलं, माझ्यासमोर चावून गिळलं. "पानी मारलंय बाय, फकत पानी. औषद मारलं तर मी माज्या नातवांना देईन का?"
घरी येईपर्यंत लाज वाटत होती. आणि मग वाटलं, पाला नाही, तर मग?

रवि. २३
केतकीचा फोन. "गब्बू काय करतोय?" म्हटलं, "खातोय." खोटं नाही. वन्सं जपमाळ घेऊन समोर बसल्या होत्या. माळ थांबली होती त्यांची.
संध्याकाळी केर काढताना त्यांच्या खाटेखाली लेंड्या. सुकलेल्या, आठ-दहा. गब्बू बाल्कनीत असतो. आजारी पडल्यापासून हॉलमध्ये, खोक्यात. त्यांच्या खोलीत गेला कधी? हात न लावता?
लेंड्या कागदात बांधून कपाटात ठेवल्या. पुरावा म्हणून. काय करतेय मी.

मंगळ. २५
आठवतंय ते असं: पिंजऱ्याची कडी मी आडवी सरकवते. त्या सोमवारी सकाळी ती अर्धवट होती. अगदी खात्री आहे. बहुतेक.
विलासला सांगितलं. लेंड्याही दाखवल्या. तो हसला नाही, चिडलाही नाही. "सुनीता, तू पेपर तपासतेस तशी माणसं तपासू नकोस." मग थोड्या वेळाने, "ताई नेहमी दारं नीट लावते." म्हणजे कडीबद्दल त्यालाही शंका आहे.
जेवताना वन्संनी ताटात भात तसाच ठेवला.

गुरु. २७
डोकं दुखतंय सांगून तिसऱ्या तासाला निघाले. दुखत नव्हतं. बघायचं होतं.
घराला कुलूप. माझ्या किल्लीने उघडलं. खोकं रिकामं. टॉवेलच्या गुंडाळ्या तशाच, मधे खड्डा. वन्सं नाहीत. बाल्कनी, बाथरूम, खाटेखाली, सगळीकडे बघितलं. खाली जाऊन कचऱ्याच्या डब्यातसुद्धा. इथे लिहिताना हात थांबतोय, पण बघितलं हे खरं.
पाऊण तासाने रिक्षा थांबली. वन्सं. छातीशी टोपली, त्यांचीच जुनी शाल अंथरलेली, आत गब्बू. मला बघून जागच्या जागी उभ्या राहिल्या.
"कुठे नेलं होतं?"
"डॉक्टरांकडे."
"मला न विचारता?"
"तुला विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं."
मग खुर्चीवर बसून सगळं सांगितलं, टोपली मांडीवर तशीच. रोज मी गेले की त्या त्याला सोडायच्या. तो खोलीत हिंडायचा, पोथी वाचताना पायाशी बसायचा. पुढे मांडीवर. तो आजारी पडायच्या आदल्या दिवशी, रविवारी, आम्ही दोघं लग्नाला गेलो होतो, तेव्हा त्यांचा डोळा लागला आणि तो मांडीवरून खाली पडला. "लगेच पळाला गं. म्हटलं, काही झालं नाही. आणि सकाळी बघते तर…"
मी म्हटलं, "आणि डॉक्टरांना काय विचारलं?" "माझ्यामुळे झालं का, ते."
"काय म्हणाले?"
"शनिवारी परत आणा म्हणाले. कान बघायचाय."
मी म्हटलं, "हे दहा दिवसांपूर्वी सांगायला काय झालं होतं?" त्या टोपली घेऊन उठल्या. बरोबर बोलले मी. आवाज मात्र वर्गातला होता.

शनि. २९
मी एकटीच घेऊन गेले. वन्संना चला म्हटलं, तर नको म्हणाल्या.
डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून बराच वेळ बघितलं. आत पू आहे. "एवढ्याशा पडण्याने असा पू होत नाही. जुनं आहे हे. महिना तरी झाला असेल. कानात पाणी गेलं होतं का?"
मी म्हटलं, "आठवत नाही."
आठवतंय.
हे लिहायचं नव्हतं. दिवाळीत तो रांगोळीत लोळला, पाठ सगळी गुलाबी. केतकी म्हणाली होती, "आई, ब्रशने झाड. सशाला आंघोळ घालत नाहीत." ती नाशिकला गेली, वन्सं देवळात गेल्या होत्या, आणि मी मोरीत बसवून त्याच्यावर दोन तांबे ओतले. घर स्वच्छ दिसावं म्हणून. कान फडफडवत होता, मी दाबून धरलं. केसही नीट पुसले नाहीत, दूध उतू जात होतं.
पाण्यानेच झालं असं डॉक्टर काही म्हणाले नाहीत. विचारलं फक्त. जंतूंचंही असू शकतं म्हणाले.
घरी वन्सं दारातच. "काय म्हणाले?"
"औषध बदललंय."
एवढंच सांगितलं. बाकीचं चप्पल काढली की सांगणार होते.

रवि. ३०
फोन वाजला तो वन्संनी उचलला. मी हात पुसत येईस्तोवर बोलून झालं होतं. "केतू, तुझा गब्बू आजारी आहे. माझ्या हातून पडला गं बाळा." पलीकडून रडणं मलाही ऐकू आलं. वन्सं ऐकत उभ्या होत्या, मान खाली, हो, हो म्हणत.
मग रिसीव्हर माझ्याकडे. केतकी म्हणाली, "आई, आत्याला ठेवूच नकोस त्याच्याजवळ."
मी म्हटलं, "अभ्यास कर. औषध चालू आहे."
विलास माझ्याकडे बघत होता. त्याला काय दिसलं कोण जाणे. तो आता मला तपासतोय असं वाटतं. आज दोनदा विचारलं, "डॉक्टर नक्की काय म्हणाले?"

मंगळ. २ डिसेंबर
नव्या औषधाने बुबुळं थांबली. आज न पडता चार पावलं चालला, गोल गोल, पण चालला. मान तशीच.
वन्संनी माळ्यावरची बॅग काढायला लावली. चिपळूणला, चुलतदिरांकडे. विलासने विचारलं, "किती दिवस?" "बघू." तिथे त्यांची कोणी वाट बघत नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत आहे. गुरुवारची सकाळची एसटी.
संध्याकाळी मला बोलावून भरवायचं दाखवलं. सिरिंज समोरून नाही, गालाच्या कडेने. थोडं थांबायचं, त्याला गिळू द्यायचं. एक थेंब सांडला नाही. मी शाळेत असताना मधल्या वेळचं रोज याच भरवत होत्या. मला वाटायचं, माझ्याच हातचं अंगी लागतंय.
"सुनीता, तुला काही बोलायचंय का?"
म्हटलं, "गाडीसाठी डब्यात काय देऊ?"
"मेथी दे. पोळ्या मऊ कर."
दोन जुड्या आणून ठेवल्यात. वन्सं हॉलमध्ये खोक्याशी बसल्यात, दिवा न लावता. चाळण आणि मेथी घेऊन तिथेच जाते. निवडायला वेळ लागेल.