ताईचा मासा ऑफिसला जातो

अल नहदा, शारजा
श्रावणातला शनिवार

तीर्थरूप विद्युल्लतामावशी,

देवांशचा वाकून, आणि या वेळेला खरंच वाकून, नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? आई सांगत होती की डॉक्टरांनी तुला उंबरठासुद्धा ओलांडू नको म्हटलंय आणि तू पूजा पण खुर्चीवर बसून करतेस. श्रावण कसा चाललाय हे विचारत नाही, तुझ्यासारखा कडक श्रावण अख्ख्या रत्नागिरीत कोणी पाळत नसेल. मागच्या वर्षी मी व्हिडिओ कॉलवर नुसता एक चिकन नगेट तोंडात टाकला तर तू कॅमेरा फिरवून मला दहा मिनिटं भिंत दाखवली होतीस. आता फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. एक तर तू फॅमिली ग्रुप सोडलास (मी तुझ्या फोटोला मिशी लावली म्हणून; ती तुला शोभत होती हे माझं मत अजून कायम आहे) आणि दुसरं म्हणजे मी फोन हातात घेतला की आई बाजूला येऊन उभी राहते. हे पत्र किसन आणून देईल. तो दुबईत सोनापूरच्या लेबर कॅम्पात राहतो, तुमच्या रत्नागिरीचाच आहे, पंधरा दिवसांच्या सुट्टीवर येतोय. त्याला चहा दे. माझ्या शुद्धलेखनाबद्दल काही बोलू नकोस, इथल्या शाळेत मराठी नव्हतं, जे येतं ते तुझ्या मे महिन्यातल्या छडीमुळे येतं. म्हणजे चुका अर्ध्या तुझ्या.

तर मुद्दा असा की बाबांनी जाहीर केलंय, पुढच्या महिन्यात याचं तिकीट काढतो आणि याला रत्नागिरीला विद्युल्लताताईंकडे टाकतो, तिथल्या कॉलेजात, त्यांच्या नजरेखाली. (मला तू आवडतेस मावशी. पण मे महिन्यापुरती.) माझा गुन्हा काय, तर मी अंतराताईच्या नोकरीची वाट लावली. मावशी, मी निर्दोष आहे. हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळदा बोललोय, पण खरं असताना पहिल्यांदाच बोलतोय, आणि नेमकं आत्ताच कोणी ऐकत नाहीये.

ताई त्या मासेमोजणीच्या प्रोजेक्टवर आहे हे तुला माहितीय. ती खोरफक्कानला राहते, वीकेंडला घरी येते. तिचं काम म्हणजे सुरमई पकडायची, मापायची, तिच्या पाठीवर बोटाएवढं चकचकीत नळकांडं तारेने अडकवायचं आणि परत समुद्रात सोडून द्यायची. सोडून द्यायची! हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाबा भरल्या ताटावरून उठले होते. मासा पाण्यावर आला की ते नळकांडं वर सॅटेलाइटला सांगतं, मी इथे आहे, आणि ताईच्या मॅपवर ठिपका येतो. अशाने कळतं की मासे कुठे जातात, अंडी कुठे घालतात, किती उरलेत, मग किती पकडू द्यायचे आणि जाळी कधी बंद ठेवायची. असा मासा कोणाला मिळाला तर त्याने नळकांडं परत द्यायचं, बदल्यात टोपी मिळते. बंदरावर आणि मार्केटात पाच भाषांतली पोस्टरं आहेत. बाबांना त्यातल्या तीन वाचता येतात, पण समोर सुरमई असली की त्यांना एकही येत नाही. (हे लक्षात ठेव.)

ताईचा बॉस मॅक्रे साहेब, स्कॉटलंडचा. त्याचं अख्खं आयुष्य ट्राउट नावाच्या माशामागे गेलं. हा मासा नदीत जन्मतो, जरा मोठा झाला की समुद्रात जातो, तिथे खाऊनपिऊन गुटगुटीत होतो आणि अंडी घालायला बरोबर आपल्या नदीत परत येतो. मी म्हणलं, सर, यात काय विशेष, आमच्याकडची पोरंपण गल्फला येतात, पोट सुटलं की लग्नाला गावी जातात. साहेब हसला नाही, विचार करत बसला. तिकडे म्हणे नदीत कॅमेरे लावून एकेक ट्राउट मोजतात, खवल्यावरच्या रेषा बघून वय सांगतात, आणि मोजणी कमी भरली की गळवाल्यांना सांगतात, लागला तरी सोडा, मोठी मादी तर नक्कीच सोडा. इथे येऊन साहेबाची एकच पंचाईत झाली. या देशात नदी नाही. बिचारा आल्यापासून शोधतोय.

मला तिथे ताईनेच चिकटवला, कारण माझे तीन विषय राहिलेत आणि मी घरी बसलो की काहीतरी करतो (बिल्डिंगच्या चालू लिफ्टवर ‘बंद आहे’ची अरबी पाटी लावणं हे काहीतरीमध्ये येतं). काम साधं. सकाळी शारजाच्या बंदरावर मापाची फळी घेऊन जायचं, सुरमई तिच्यावर झोपवायची आणि नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत माप घ्यायचं. हम्माद नावाच्या बोटमालकाकडे हमदुल्ला म्हणून खलाशी आहे, तो रोज ओरडतो, “क्या टेलर मास्टर, आज मछली का पँट सिलेगा क्या?” पण मी हे काम नीट करत होतो मावशी. आईशप्पथ. मला आवडत होतं.

आणि मग तो ठिपका आला. ताईची एक सुरमई बरेच दिवस गप्प होती, ती अचानक बोलायला लागली. सकाळी दुबईत देऱ्याजवळ खाडीत, रात्री शारजाच्या हद्दीवर ममजारच्या पाण्यात. (ठिपका थोडा इकडेतिकडे दाखवतो, म्हणून साहेब जवळचं पाणी धरतो. जमीन त्याला दिसतच नाही.) सकाळी खाडी, रात्री ममजार, रोज! साहेब खुर्चीतून उठून नाचला. त्याला अखेर नदी सापडली. खाडी म्हणजे नदी, आणि सुरमई म्हणजे त्याची ट्राउट. त्याने ठरवलं, रिपोर्ट करायचा, मासेमारी खात्याच्या मीटिंगमध्ये अंतराने उभं राहून मांडायचा, खाडीच्या तोंडाशी सुरमईची जाळी बंद करा म्हणून. मीटिंगला हम्मादसारखे सगळे बोटमालक येणार होते. हमदुल्लाला मी हे सांगितलं तर तो पोट धरून हसला. म्हणाला, “सुरमई? खाडी में? हबीबी, वो अब्रा में बैठ के जाती होगी!” (अब्रा म्हणजे खाडी ओलांडायची होडी.) पण तो खलाशी आणि साहेब साहेब.

त्या शुक्रवारी ताईने घरी लॅपटॉप उघडून सगळ्यांना दाखवलं. इतकी खूश होती मावशी, तिचं कॉन्ट्रॅक्ट याच्यावरच रिन्यू होणार होतं. मी बघितलं. मासा सकाळी साडेसहाला आमच्या घराच्या बाजूने निघतो. दुबईला जाणाऱ्या इत्तिहाद रोडच्या बाजूला येऊन तासभर जवळजवळ हलतच नाही. ताई म्हणाली, विश्रांती घेतो. मी म्हणलं, ताई, तिथे अख्खी शारजा विश्रांती घेते, तो ट्रॅफिक आहे. मासा रविवारी कुठे जातच नाही. फक्त एका रविवारी संध्याकाळी करामाला गेलाय, पिठाच्या गिरणीपाशी, जिथून आपण भाजणी आणतो. मी बोलून गेलो, “ताई, तुझा मासा बाबांच्या ऑफिसला जातो.”

मला वाटलं शाबासकी मिळेल. तर ताईने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी फळीवर झोपलोय आणि मापाला कमी भरतोय. हे तूच केलंयस, म्हणाली. नळकांडं चोरून बाबांच्या गाडीत टाकलंस. आणि सगळ्यात मोठ्याने कोण ओरडलं असेल? बाबा! “या घरात एक दिवस शांतता नाही! बहिणीच्या पोटावर पाय देतोस! तुला रत्नागिरीलाच पाठवतो!” आई तर पोळ्या लाटायला गेली, आणि त्या दिवशी पोळ्या आधीच झालेल्या होत्या.

तेव्हाच मला शंका आली. ताई रडत झोपली तेव्हा मी आईला स्वयंपाकघरात धरलं. तर झालं असं होतं की श्रावणाआधी गटारीला बाबांनी मार्केटातून अख्खी सुरमई आणली, आणि तिच्या पाठीवर ते नळकांडं होतं. बाबांना वाटलं क्वालिटीचं सील आहे, त्यावर नंबरपण होता. (पंचवीस वर्षं गल्फमध्ये काढलेल्या माणसाला नंबर असलेली कुठलीही वस्तू ओरिजिनल वाटते.) आईला वाटलं ताईत आहे. म्हणाली, समुद्रातून आलेली वस्तू फेकू नये, लक्ष्मीपण समुद्रातूनच आली. मग तिने ते धुतलं, हळदकुंकू लावलं, लाल कापडात शिवलं आणि बाबांच्या गाडीत गणपतीमागे बांधलं. तेव्हापासून बाबांना देऱ्यात पटकन पार्किंग मिळायला लागलं, त्यामुळे त्यांचीपण श्रद्धा बसली. ताईने दाखवलेली ती पोस्टरं त्यांना आठवली त्या शुक्रवारी, लॅपटॉपसमोर. म्हणजे मुलीने समुद्रात सोडलेला मासा बापाने आमटीत घातला होता.

मी बाबांना गाठलं. म्हणलं, ताईला सांगा. मावशी, त्यांनी दार लावून मला काय सांगितलं असेल? “हे बघ, तू तसाही बदनाम आहेस. आणखी एकाने तुला काय फरक पडतो? माझी तिच्यासमोर काही इज्जत आहे.” याला काय म्हणायचं! वर दोघांनी मिळून ते नळकांडं देशाबाहेर काढलं. शेजारचे विजयकुमारकाका मुंबईला चालले होते, त्यांच्या बॅगेत टाकलं. खलास. दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबाने बघितलं, सुरमई तीन तासांत अरबी समुद्र ओलांडून मुंबईच्या विमानतळावर. तेव्हा कुठे साहेबाला जमीन दिसली. त्याने तो नंबर बिघडलेल्या मशिनांच्या यादीत टाकला, मीटिंग पुढे ढकलली आणि ताईचं कॉन्ट्रॅक्ट लोंबकळत ठेवलं. एवढंच म्हणाला की ते नळकांडं हातात आलं तर सगळं माफ, समुद्रात सोडलेला मासा बाजारात सापडला ही पण पक्की माहितीच आहे, मोजणीत धरता येते. ताई माझ्याशी बोलत नाही. बाबा रोज जेवताना तिच्यासमोर माझ्या तिकिटाचा विषय काढतात आणि माझ्या नजरेला नजर देत नाहीत.

तर मावशी, बाबा या जगात फक्त तुला घाबरतात. तेवढा एक फोन कर आणि सांग की या गुडघ्यांनी मला हे पोरगं झेपणार नाही. बाकी काही नको. प्रकृतीला जप, वातीचा कापूस किसनबरोबर पाठवलाय. छोट्यांना माझा नमस्कार, मोठ्यांना आशीर्वाद (उलटं झालं, पण पेनाने लिहितोय, राहू दे).

तुझा,
यावेळचा निर्दोष
देवांश

ता.क. विजयकुमारकाकांनी मुंबईहून तुला खजुराचा डबा कुरिअर केला, त्यात आईने लाल कापडातली “समुद्रातली लक्ष्मी” ठेवली होती. पर्समध्ये ठेव, गुडघ्यांना बरी, असं म्हणाली ना? तीच ती. ती किसनकडे दे, तो परत आला की मी ताईच्या हातात ठेवीन. कापड उसवू नकोस.

ता.ता.क. ताईने माझं नाव सांगितलं, त्याची शिक्षा म्हणून साहेबाने मला बंदरावरून काढून ऑफिसात बसवलंय, बिघडलेल्या मशिनांचे मॅप बघायला. म्हणजे आता तो ठिपका फक्त मला दिसतो. मावशी, उंबरठा न ओलांडणारी तुझी पर्स रोज दुपारी एक वाजता मिरकरवाड्याच्या जेटीवर काय करते? मी झूम करून बघितलं, तिथे देऊळ नाही, मच्छीची खानावळ आहे. श्रावणी सोमवारीसुद्धा! मी कोणाला काही बोललेलो नाही. आईला तर नाहीच. बाबांना मात्र तुझा फोन लवकर जावा असं मला वाटतं, आणि त्यात गुडघ्यांबरोबर “देवांश निर्दोष आहे, ताईला खरं काय ते सांगा” हे पण आलं तर बरं.

ता.ता.ता.क. सुरमई असेल तर मोठी मादी खाऊ नकोस. साहेब म्हणतो, मोठी मादी सोडून द्यायची असते. मी पण या वेळी सोडून देतोय.