पडवीतल्या सखुबाईचा पत्ता

मी, जयराम सावळीराम पगारे, वय वर्षे त्रेसष्ट, निवृत्त सरकारी कारकून, राहणार मिलिंद कॉलनी, घर क्रमांक सतरा, नाशिक, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहितो. डोके ठिकाणावर आहे. नोकरीतही ते ठिकाणावरच होते, तरी जे घडायचे ते घडलेच. तेव्हा या वाक्यावर कोणी फार विसंबू नये. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणू शकेल अशी एकच व्यक्ती होती, माझी पत्नी मालनबाई. ती तीन वर्षांपूर्वी गेली.

पंचवीस वर्षे मी लोकांना रहिवासी दाखले लिहून दिले. "नागरिक कोणीही असतो हो, रहिवासी असायला कागद लागतो," असे मी टेबलापलीकडच्या माणसाला सुनवायचो. फार आवडायचे मला ते वाक्य.

एकोणऐंशी साली मतदारयादीचे काम माझ्याकडे आले. दारोदार फिरून अख्ख्या कॉलनीची नावे सुवाच्य अक्षरात लिहिली. आमचे घर शेवटी ठेवले होते. दमून आलो, चपला काढल्या, चहा प्यालो आणि वही मिटली. मतदानाच्या दिवशी कळले की यादीत सतरा नंबरचे घरच नाही. रांगेत माझ्या मागे शेजारी मल्हारी दोंदे उभा होता. तो जो हसायला लागला, तो अजून थांबलेला नाही. मालनबाई म्हणाली, "साऱ्या गल्लीला माणसात घेतलंत, आपण दोघं तेवढे राहिलो!"

या मल्हारीला मी काहीही देत नाही. त्याला साक्षीदार करायचे आहे, आणि साक्षीदाराला दिलेले कायद्यात टिकत नाही. कायदा कधी कधी फारच मनासारखा असतो.

आता मालमत्ता. पुढच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, भिंतीवरचे घड्याळ आणि पोस्टातली शिल्लक माझा मुलगा चंदर, नोकरी रेल्वेत, मुक्काम मनमाड, याला द्यावी. पुस्तके विहाराला द्यावीत. त्यातली तीन उसनी आहेत, ती ज्याची त्याला परत करावीत. छत्री कोणी घेऊ नये, ती गळते.

मागची पडवी मात्र चंदरला नाही. त्याला ती पाडून तिथे स्कूटर ठेवायची आहे. "बाबा, म्हातारीला गावी धाडून द्या आता," असे तो दर सुट्टीला म्हणतो. ही म्हातारी म्हणजे सखुबाई मंगळू भोये. पेठकडच्या डोंगरातून मजुरीला आली आणि अडुसष्ट सालापासून आमच्या पडवीत राहते. झाडलोट, धुणीभांडी तीच करते. मालनबाईच्या आजारपणाचे शेवटचे आठ महिने तिनेच काढले. चंदर तेव्हा दोनदा आला होता. मतदारयादीत तिचे नाव गावाकडे आहे. निवडणूक आली की जीप येते, तिला पुढच्या सीटवर बसवून नेते आणि बोटाला शाई लागली की आणून सोडते. म्हणजे ती पक्की नागरिक, पण कागदोपत्री राहते कुठेच नाही. मी पक्का रहिवासी, पण यादीत माणूसच नाही. दोघांना जोडले असते तर एक धड माणूस झाला असता.

आता जे लिहायचे टाळत होतो ते. बहात्तरच्या दुष्काळात सखुबाई रेशनकार्डासाठी दाखला मागायला कचेरीत आली. रांगेत उभी राहून माझ्याच टेबलापुढे आली. मी विचारले, "भाडेपावती?"

"तुमीच देत न्हाय, सायेब."

कशी देणार? पावती हाती पडली की भाडेकरू जन्मात हलत नाही, असे मला चार शहाण्यांनी सांगून ठेवले होते. म्हणून मी भाडे घेतलेच नाही, काम घेतले. आणि सगळ्यांदेखत तिला म्हणालो, "बाई, तुम्ही नाशकात राहता याला पुरावा नाही."

"मंग रोज सकाळी तुमच्या आंगनात झाडू कोन मारतं?"

मागचे लोक हसले. मी पुढचा अर्ज घेतला. त्या वर्षी आम्ही रेशनची लाल मिलो ज्वारी नाके मुरडत खाल्ली. तिला तीही मिळाली नाही.

माझ्या वडिलांना गावाने वेशीबाहेर ठेवले होते. त्याचा राग मी आयुष्यभर भाषणांतून काढला, टाळ्याही घेतल्या. आणि माझ्या हातात चार अक्षरांची सत्ता आली तेव्हा मी एका बाईला घरात घेऊन कागदाबाहेर ठेवले. मला याची लाज वाटते. हे वाक्य कायदेशीर नाही, तरी ते कोणी खोडू नये.

तरी मागची पडवी, तिच्यापुढचा नळ आणि मागच्या दाराची वाट सखुबाईला मालकी हक्काने देतो. आधी 'तहहयात' असे लिहिले होते. मग चंदर तिच्या मरणाची वाट बघत बसेल, हे ध्यानात आले आणि तो शब्द खोडला. खोडल्या जागी सही केली आहे. चंदर, तू चिडशील. कोर्टात खुशाल जा. फक्त हा कागद तिथे मोठ्याने वाचला जाईल, एवढे लक्षात ठेव.

काल हे सगळे तिला वाचून दाखवले. अंगठा लावायला ती हात पुसत पुढे आली. मी म्हटले, "सखुबाई, तुझा अंगठा यावर चालत नाही, घेणारी तूच आहेस. पण नाव घातलंय बघ तुझं."

ती म्हणाली, "नाव तं कवाचं हाय, सायेब. पत्ता लिवा."

लिहितो. सखुबाई मंगळू भोये, राहणार मिलिंद कॉलनी, घर क्रमांक सतरा, मागची पडवी, नाशिक. सन १९६८ पासून. मी रोज पाहतो आहे.

(सही) जयराम सावळीराम पगारे
नाशिक, दिनांक ९ नोव्हेंबर १९८६

वरील सही आम्हा दोघांसमोर झाली:
१. विमलाबाई गांगुर्डे, शिक्षिका, घर क्रमांक अकरा.
२. मल्हारी दोंदे, घर क्रमांक सोळा. या खेपेला लिहिणाऱ्याचे नाव कागदावर आहे, मी दोनदा पाहिले. बाईचेही आहे.