खिशातले पाच धागे

ती. आईस,

आधी तुझ्या शिवणयंत्राला आणि मग तुला नमस्कार.

मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते. बाबांचा गुडघा कसा आहे? त्यांना जिना चढू देऊ नकोस.

आम्हा विद्यार्थ्यांचं रॉकेट उद्या सकाळी उडणार. आवाजापेक्षा जास्त वेगात पॅराशूट उघडतं का आणि टिकतं का, एवढंच बघायचंय. शिवण माझी आहे. सरांनी विचारलं, "शिवणावर तुझा हात कुणी बसवला?" मी तुझं नाव सांगितलं.

घड्या सुटू नयेत म्हणून मी सहा कच्चे टाके घातले होते. पॅराशूट रॉकेटच्या डब्यात भरताना ते उसवायचे आणि धागे खिशात ठेवायचे, ही तुझीच शिस्त. काल झाकण बसलं, स्क्रू आवळले, टाळ्या झाल्या.

आज धुवायला कपडे काढले, तर खिशात पाचच धागे.

सहावा कुठेतरी पडला असेल, काळजी करू नकोस. मी टेबलाखाली रांगूनही पाहिलं. पण टाका आतच राहिला असेल, तर पॅराशूट उघडताना फाटेल आणि आमची दोन वर्षं दगडासारखी खाली येतील.

अजून कुणाला बोलले नाही. रॉकेट उघडलं तर उद्याचं उड्डाण हुकेल, आणि पुढची तारीख वर्षभर मिळायची नाही.

आठवतं, बाहीत एक कच्चा टाका राहिला म्हणून तू कात्री घेऊन गिऱ्हाइकामागे रस्त्यावर धावली होतीस? मला तेव्हा तुझी लाज वाटली होती.

पाकीट चिकटवते आणि सरांकडे निघते. चपला घातल्यात.

तुझ्यासारखीच धावणारी,
तुझी लेक