थोरली की धाकटी

३ मार्च, मंगळवार

आणली! एक नाही, दोन आणली! भाच्याचं दुकान असल्याचा एवढा तरी फायदा हवाच. म्हणाला, "मावशी, दोन्ही घरी नेऊन वाचून बघ. आवडेल ते ठेव, दुसरं परत दे." पुस्तकं वाचायची यंत्रं — एक पाटीएवढं, एक तळहाताएवढं. मी लगेच थोरली-धाकटी करून टाकलं.

खरं कारण फक्त इथे लिहिते. दोन वर्षांत हौसेनं एक पुस्तक वाचलेलं नाही. तीनदा चष्मा बदलला, तरी अक्षरं पुसटच. प्रेसमध्ये मुद्रितं तपासते ती भिंगावर आणि सवयीवर. तिथे कुणाला पत्ता नाही, लागूही देणार नाही. 'बाईंच्या नजरेतून मुंगी सुटत नाही' — अशी ख्याती आहे माझी!

४ मार्च, बुधवार

धाकटी! धाकटीच! हातात आहे की नाही कळत नाही इतकी हलकी. कडेला बटण — दाबलं की पान उलटलं! आज बसमध्ये एका हातानं दांडा, दुसऱ्या हातात धाकटी. शेजारची मुलगी वाकून वाकून बघत होती. मी मुद्दाम जरा तिरकी धरली, बघू दे की!

५ मार्च, गुरुवार

धाकटीशी बिनसलं. अक्षर मोठं केलं की ओळीत तीनच शब्द मावतात. बटण दाबून अंगठा दुखला. हे म्हणाले, "वाचतेयस की तार ठोकतेयस?"

६ मार्च, शुक्रवार

थोरलीपुढे लोटांगण!

अक्षर वाढवलं. आणखी वाढवलं. आणि काना, मात्रा, अनुस्वार — एकेक सुटा, काळाभोर! चाळीस पानं एका बैठकीत! मधेच रडू फुटलं. हे धावत आले. "काय गं, काय झालं? कुणाचं काही बरंवाईट?"

"नाही हो! दिसतंय!"

ह्यांनी लगेच उशी आणून थोरलीखाली सरकवली. जड आहेच ती. शिवाय बोटाला थुंकी लावून पान उलटायची माझी जन्माची खोड — ओलं बोट लागलं की बाईसाहेब हटून बसतात! पण आता चारदा बोट पुसायला लागलं तरी माझी तक्रार नाही.

७ मार्च, शनिवार

धाकटी परत केली. भाचा चिडवायला टपलेलाच. "काय मावशी, बसमध्ये हीच बरी म्हणत होतीस ना?" म्हटलं, बसमध्ये खिडकीबाहेर बघेन. खूश होऊन त्यानं थोरलीवर एक कादंबरी भेट घालून दिली — आमच्याच प्रेसची, गेल्या वर्षीची! छापून आल्यावर मी ती उघडलीसुद्धा नव्हती.

८ मार्च, रविवार

कादंबरी वाचायला घेतली. पहिल्या वीस पानांत सतरा चुका. एक परिच्छेद तर लागोपाठ दोनदा. छपाईआधीचं शेवटचं वाचन माझंच होतं.

उद्या मालकांना सगळं सांगणार आहे.