गोधडीखालचा लाल दिवा

मी, उस्ता (म्हणजे कारागीर) नुसरतुल्लो, वय एकाहत्तर, धंदा टीव्हीदुरुस्ती, राहणार इस्तरवशान, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाचं दडपण नाही, डोकं ठिकाणावर आहे.

१. दुकानातली हत्यारं मुलगा फर्रुख याने विकावीत. स्क्रू कुठल्या बाजूला फिरतो हे त्याला अजून ठाऊक नाही.

२. बटणाचा एक्स्टेंशन बोर्ड शेजारी हाजी तोलिब यांना. रिमोटने फक्त चित्र जातं, वीज चालूच राहते, हे मी त्यांना वीस वर्षं सांगतो आहे. त्यांचा डिशचा डबा आजही रात्रंदिवस गरम असतो आणि मांजर त्यावर झोपते. जिथे तिथे वायर काढायला सांगतो म्हणून मला ‘तारकाढ्या’ हे नाव त्यांनीच पाडलं. ते नाव मला फार महाग पडलं, म्हणून पुढचं कलम.

३. राहतं घर सून सनोबर हिला. कारण नमूद करतो.

गेल्या हिवाळ्यात थोरला भाऊ माझ्या घरी वारला. रिवाजाप्रमाणे चाळीस दिवस टीव्ही बंद, म्हणून सनोबरने त्यावर गोधडी टाकली. मागचा स्टॅबिलायझरचा डबाही झाकला गेला. ती मला म्हणाली, “बाबा, वायर काढू का? डबा गरम लागतोय, आणि लाल दिवा चालूच आहे.”

तोलिब समोर चहा पीत होते. मला लाज वाटली. मी म्हणालो, “राहू दे. लोक म्हणतील, सख्ख्या भावाच्या मयतातही याला विजेचंच पडलंय.”

भावाच्या सातव्या दिवसाचं पुलावाचं जेवण मशिदीच्या अंगणात होतं, सगळे तिकडे. माझी बायको मोहरुख आठवडाभराच्या जागरणाने त्याच खोलीत झोपली होती. हिवाळ्यात आमच्याकडे वीज ठरावीक तासच असते. त्या दिवशी पाचला आली ती धक्का देत आली, स्टॅबिलायझर जळला आणि गोधडी पेटली. मोहरुख धुराने गेली.

मोहल्ल्यासमोर मी एवढंच म्हणालो, “गोधडी हिने टाकली.” ते खोटं नव्हतं. तेवढ्यावर रशियात कामाला असलेल्या फर्रुखने फोनवर तिला तलाक दिला, आणि ती माहेरी गेली. तिने माझं नाव कुठेही घेतलं नाही. फर्रुखने घरावर हक्क सांगू नये. दोष त्याच्या बापाचा होता.

४. हे कागद ~~माझ्या मृत्यूनंतर चाळिसाव्याला~~ सर्वांसमोर वाचावेत.

५. माझ्या मयतात टीव्ही झाकण्याआधी वायर काढावी.

सही करण्याआधी तोलिब यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, “मेल्यावर कशाला, उस्ता? ती तिकडे रोज टोमणे खाते. आणि तुझं तोंड अजून चालतंय की.”

म्हणून कलम चारमधले शब्द मी खोडले आहेत. उद्या शुक्रवारी नमाजानंतर मशिदीच्या दारात मी स्वतः वाचेन. तिथून सनोबरच्या माहेरी जाईन. तिने दार उघडलं नाही तर बाहेर उभं राहून वाचेन.

खाडाखोड मान्य: नुसरतुल्लो

साक्षीदार: हाजी तोलिब (सही)
मोहल्ल्याचे प्रमुख मिर्झोशरीफ (सही)

इस्तरवशान, १९ जानेवारी २०२३
नुसरतुल्लो (सही)