कावळा शिवला नाही तर

मी, अरुणा अविनाश सबनीस, वय एकाहत्तर, राहणार वसुंधरा, गाझियाबाद, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाला न जुमानता लिहीत आहे. दडपणाला मी जन्मात कधी जुमानले नाही, हे साक्षीदारही सांगतील. स्वादुपिंड कर्करोगाने खाल्ले आहे. बुद्धी आणि जीभ अजून माझ्या ताब्यात आहेत. डॉक्टर दिवाळीपलीकडचे काही बोलत नाहीत. माझा नवरा अविनाश मात्र जानेवारीसाठी काढून ठेवलेल्या कोल्हापूरच्या विमानतिकिटांबद्दल बोलतो.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेवी अविनाशच्या; त्याच्यामागे आमची मुलगी नीरजा हिच्या. तिने बाबांना नोएडाला नेण्याची घाई करू नये. या घरात त्याला माझ्याशी भांडायची सवय आहे. काही दिवस भिंतींशी भांडू द्यावे.

२. माझी पुस्तके दिल्लीच्या मुनिरकात भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना वाटावीत. आमच्या महाराष्ट्र मंडळाला एकही देऊ नये. तिथे कपाटाला कुलूप असते आणि किल्ली अध्यक्षांच्या घरी.

३. शोकसभा घेऊ नये. काला अंबच्या स्मारकापाशी दर जानेवारीत मी पानिपतात पडलेल्यांवर बोलले, ऐकणारे रडले. हजारो मेलेल्यांवर बोलणे सोपे असते. एका मेलेल्यावर मला आजवर एक वाक्य जमलेले नाही.

४. तो एक म्हणजे आमचा मुलगा अंकुर. शिकायला राहत होता त्या मुनिरकातल्या खोलीत ताप आला आणि आठवड्याच्या आत डेंग्यूने त्याला नेले. अविनाशला दहाव्याचा पिंड ठेवायचा होता. मी नाही म्हटले. आजही नाहीच म्हणेन. मेलेले पोर भाताच्या गोळ्यासाठी परत येते, ही थाप मी आयुष्यभर व्यासपीठावरून झोडपली; ती माझ्याच घरात कशी खपवून घेऊ? अविनाश भांडला नाही. दुसऱ्या दिवसापासून जेवणाआधी बाल्कनीत भाताची मूद ठेवू लागला. इथे कावळे कुठले? कबुतरे येतात. खालच्या भाटियाबाई ओरडतात, "अंकलजी, सारी गंदगी हमारी बालकनी में!"

मी एकदा म्हटले, "अविनाश, अरे, कबूतर आहे ते."

"असू दे. कुणीतरी जेवतंय ना."



५. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. त्यानंतर अविनाशला पिंड ठेवायचा असेल तर त्याने तो खुशाल ठेवावा. माझे मत बदललेले नाही. मेल्यावर काही उरत नाही. अंकुर कुठेही माझी वाट पाहत नाही आणि मीही कुणाची पाहणार नाही. म्हणूनच ही परवानगी देते. अडवायला मी नसेन.

६. पण कावळा येणार नाही, हे आताच सांगून ठेवते. पिंडाला कावळा शिवला नाही की मेलेल्याची इच्छा राहिली असे समजतात, आणि मागे राहिलेला माणूस हात जोडून एकेक वचन देत बसतो. अविनाश उन्हात उभा राहून म्हणेल, गोळ्या वेळेवर घेईन, नीरजावर चिडणार नाही. तरी कावळा आला नाही की त्याला वाटेल, आपलेच काही चुकले. अविनाश, तुझे काही चुकलेले नाही. माझी एकच इच्छा राहिली आहे. ती तुला ठाऊक आहे आणि ती पुरवणे कुणाच्याच हातात नाही. एकही वचन देऊ नकोस. भटजींना दर्भाचा कावळा करून शिववायला सांग आणि घरी ये. नीरजाने त्याला वरणभात वाढावा. मूद बाहेर ठेवू द्यावी. आता दोन.

हे कलम काल मी त्याला वाचून दाखवले. तो म्हणाला, "तिकिटं रद्द करतो."

"माझं कर," मी म्हटले. "तुझं राहू दे."

तो उठून बाल्कनीत गेला. लाभार्थ्याला साक्षीदार होता येत नाही, त्यामुळे आजही तो तिथेच उभा आहे.

ठिकाण: गाझियाबाद
दिनांक: २१ सप्टेंबर २०२५, अविनाशच्या कॅलेंडरप्रमाणे सर्वपित्री अमावस्या

(सही) अरुणा अविनाश सबनीस

अरुणाताईंनी वरील मजकूर आम्हाला स्वतः वाचून दाखवला व आमच्यासमक्ष सही केली. सहावे कलम त्यांनी बाल्कनीकडे तोंड करून वाचले.

साक्षीदार:
(सही) डॉ. सुधन्वा रेगे
(सही) हेमलता चौबळ