हेलसिंकीत फोटो कोण काढतं

३ सप्टेंबर २००६, रविवार
लेकीचे, मित्राचे, पहिले फोटो आले. हेलसिंकीला जाऊन नऊ दिवस झाले बाईसाहेबांना. पांढरं चर्च, पुढे डोंगराएवढ्या पायऱ्या. रेल्वे स्टेशनच्या दाराशी चार दगडी पुरुष, हातात दिव्यांचे गोळे, पाळी संपायची वाट बघत असल्यासारखे. बंदर. हिरवी ट्राम. एकूण अकरा फोटो, लेक एकाही फोटोत नाही. मेल टाकली : माणूस नसलेले फोटो कॅलेंडरवाले काढतात. प्रत्येक स्थळापुढे तू दिसली पाहिजेस, सरळ उभी, पायांसकट.
रात्री भात, कालचं वरण. एकच ताट धुवायला जास्त कंटाळा येतो.

७ सप्टें., गुरु.
तिचं उत्तर : "एकटी असते बाबा. काढणार कोण?"
लिहिलं, दिसेल त्याला विनंती कर. तेवढंच माणसांशी बोलणं होईल. हे कोण सांगतंय तर मी. ऑफिस सोडलं तर लिफ्टमध्ये शेजारच्या आंटीला 'मॉर्निंग' म्हणणं, एवढाच माझा आठवड्याचा संवाद.

१७ सप्टें., रवि.
दोन फोटो, दोन्हींत मित्रा. एक बंदरावरच्या बाजारात, एक बोटीने जायच्या किल्ल्याच्या बेटावर. बारीक झालीय. कोट मोठा होतोय.
तीस वर्षं लेव्हलची दुर्बीण लावून जमिनी मोजल्या, सवय जात नाही. सपाट जागी उभं राहून फोटो काढला तर मागच्या समुद्राची, म्हणजे क्षितिजाची, रेघ कॅमेऱ्याच्या उंचीवर येते, मग माणूस जवळ असो की लांब. बेटावर रेघ मित्राच्या छातीवरून गेलीय, बाजारात हनुवटीवरून. लिहिलं : "बेटावरचा फोटो लहान मुलीने काढलाय आणि बाजारातला बुटक्या बाईने. बरोबर?"

१९ सप्टें.
"हाऊ यू नो आह? जपानी आजी होती, आणि नंतर बेटावर तिची नात. सो क्रीपी लाह, बाबा."
रेघेचं सगळं गणित आकृती काढून, स्कॅन करून पाठवलं. दोन वर्षांत तिच्याशी झालेलं हे माझं सर्वांत लांब बोलणं. रेघेबद्दल असलं तरी बोलणंच.

२१ सप्टें.
"ओके, कळलं. म्हणजे तुमच्यापासून आता काही लपत नाही." पुढे हसरा चेहरा. मीही एक टाकला. कंस उलटा पडला.

८ ऑक्टो., रवि.
समुद्रापलीकडे सुमात्रात जंगलं जळतायत, त्यांचा धूर इथवर. बाराव्या मजल्यावरून समोरचा ब्लॉक दिसत नाही. खिडक्या बंद, पंखा चालू, दिवसभर घरात. चोआ चू कांग वस्तीतल्या या फ्लॅटला तीन खोल्या आहेत याचा आज राग आला.
मित्राचे दोन फोटो. एक खडकात खोदलेल्या चर्चचा, छताला तांब्याची प्रचंड थाळी. "औरंगाबादची लेणी आठवली," असं लिहिलंय. सहा वर्षांची होती. तिची आई, सुलभा, तिला कडेवर घेऊन चढली होती, मी पुढे जाऊन फोटोसाठी जागा शोधत होतो. हे तिच्या लक्षात असेल असं मला वाटलं नव्हतं.
दुसरा समुद्राकाठचा. रेघ तिच्या डोक्याच्याही वर, चांगली वीतभर. काढणारा उंच गडी.

१५ ऑक्टो., रवि.
पुन्हा किल्ल्याचं बेट. शिवाय खाडीकाठच्या बागेतलं शेकडो पोलादी पाइपांचं स्मारक. हे फोटो वेगवेगळ्या दिवशीचे. रेघ दोन्हीकडे तिथेच, वीतभर वर.
मॉलमध्ये जाऊन तिन्ही मोठे प्रिंट काढले. पट्टी लावली. मित्रा पाच फूट दोन, त्यावरून हिशेब : कॅमेरा पाच फूट अकरावर. म्हणजे माणूस सव्वासहा फुटांचा. तिन्ही वेळा. एवढ्या उंचीचा स्टँड ती कुठून आणणार?
आणि ती हसतेय. जपानी आजीपुढे ओठ मिटून हसली होती. इथे वरचा वाकडा दातही दिसतोय. तो ती सहसा दाखवत नाही.

२२ ऑक्टो., रवि.
लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.
दोन वर्षांपूर्वी तिने कॉलेजातल्या वेईला जेवायला बोलावलं होतं. चिनी मुलगा, नम्र, भरली वांगी दोनदा मागून घेतली. तो गेल्यावर मी म्हणालो, "आई असती तर तिला हे बघावं लागलं, याचं वाईट वाटलं असतं." सुलभाला जाऊन तेव्हा चार वर्षं झालेली. तिच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणालो.
मित्रा "ओके बाबा" म्हणाली आणि भांडी घासली. त्या दिवसापासून तिने मला स्वतःबद्दल काही सांगितलेलं नाही. हवामान सांगते. फिनलंडला शिकायला जायचा अर्ज त्याच महिन्यातला.
सुलभाला वाईट वाटलंच नसतं. तिने वेईला डबा भरून दिला असता. मला हे तेव्हाही माहीत होतं.

५ नोव्हें., रवि.
आणखी एक, पहिला बर्फ पडलेलं बंदर. रेघ वीतभर वर. आता आधी रेघ बघतो, मग लेकीला. लाज वाटते.
प्रिंट घेऊन येताना लिफ्टमध्ये आंटी भेटली. पाकिटातून फोटो काढून दाखवले, न विचारता. "वाह, सो हॅपी. हू टेक फॉर हर?"
"फ्रेंड," म्हणालो.
"गुड, गुड. सो फार अवे, मस्ट हॅव फ्रेंड." आणि नवव्या मजल्यावर उतरून गेली, तिथे तिची बहीण राहते.
तोंडाने म्हटल्यावर एवढं अवघड वाटलं नाही.

१२ नोव्हें., रवि.
आज दाढी करताना लक्षात आलं. तीस वर्षं मुरलेला सर्व्हेअर, आणि याला महिना लागला.
मी मोजतो हे तिला माहीत आहे. आकृती मीच पाठवली. लपवायचं असतं तर पायऱ्यांवर उभी राहिली असती, तिथे गणित बसत नाही. चर्चच्या आत फोटो काढले असते. पण पोरगी दर वेळी सपाट जागा शोधते आणि पाठीमागे समुद्र घेते.
ती सांगतेय. तोंडाने सांगून एकदा पस्तावली, म्हणून असं.
मी मात्र प्रत्येक फोटोला "छान, टोपी घाल" एवढंच लिहीत बसलो.

१४ नोव्हें.
चार वेळा खोडून एक ओळ पाठवली : "पुढचा फोटो तू काढ."

१८ नोव्हें., शनि.
चार दिवसांनी उत्तर. "मग पुढे उभं कोण राहणार, बाबा?"
शेवटी नेहमीचं 'लाह' नाही, हसरा चेहरा नाही. दिवसभर हातात फोन. बाजारातून दूध आणायचं विसरलो.

१९ नोव्हें., रवि. सं. ६.३०
सकाळी बुद्धवंदना झाल्यावर सुलभाच्या फोटोपुढे बराच वेळ बसलो. तिची माफी आधी मागायला हवी होती, तिचं नाव मी वापरलं.
मग लिहिलं, जसंच्या तसं इथे उतरवतो :
"इतके दिवस कॅमेरा धरून जे कोणी उभं आहे, ते. पायांसकट. आई असती तर तिने पहिल्याच फोटोला विचारलं असतं. मी त्या दिवशी तिच्या नावावर खोटं बोललो. बाबा."
दुपारी पाठवलं. आत्तापर्यंत सात वेळा मेल उघडून बघितली. एक बँकेची आली.
तिकडे आता साडेबारा वाजलेत. दिवस लहान झालेत, ती म्हणत होती, साडेतीनलाच मावळतं. म्हणजे फोटोपुरता उजेड अजून तीन तास आहे.